आखलेला दिवस : दिनक्रमाच्या पद्धतींचा आढावा

डिसेंबर सरत आला की अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांबाहेर नव्या सालच्या डायऱ्यांचे गठ्ठे लागतात. पूर्वी त्या साऱ्या एकाच साच्याच्या असत: पानाला एक तारीख, वर तिथीची ओळ, शेवटी टेलिफोन नंबरांसाठी चार पानं. आता त्यांच्या शेजारी ‘प्लॅनर’ नावाची निराळी जात दिसते. तिच्यात आठवड्याची उद्दिष्टं असतात, प्यायलेल्या पाण्याचे ग्लास मोजायला रकाने असतात आणि आज कशाबद्दल कृतज्ञ वाटलं ते लिहायला एक चौकोनही असतो. त्याच चौकात स्टीफन कव्ही, रॉबिन शर्मा, जेम्स क्लिअर यांचे मराठी अनुवाद स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांना खेटून रचलेले असतात. दोन्हींचं गिऱ्हाईक बरेचदा एकच.

दिवस पद्धतशीर आखला तर आयुष्य सुधारतं, असा या साऱ्या मालामागचा विश्वास आहे. तो आला कुठून, त्याला पुरावा किती आणि त्याबद्दलचा वाद आज कुठे अडला आहे, हे या लेखात पाहायचं आहे. त्यासाठी पुणं सोयीचं आहे. अभ्यासिकेत, हिंजवडीच्या कंपनीत, भोसरी-चाकणच्या कारखान्यात आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर, अशा चार ठिकाणी इथे रोज दिवस आखला जातो. चारही ठिकाणी तो आखणारा हात वेगळा असतो.

जुने दिनक्रम

दिवसाला वळण लावण्याची कल्पना आपल्याला कोणी बाहेरून आणून दिलेली नाही. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त सूत्रस्थानाचा दुसरा अध्याय दिनचर्येचा आहे. पहाटेच्या उठण्यापासून दंतधावन, अंजन, अभ्यंग, व्यायाम, स्नान असा त्याचा क्रम. पहाटे उठण्याचा सल्ला तिथे सरसकट दिलेला नाही, तो निरोगी माणसासाठी आहे. हा बारकावा पुढे कामाला येईल. ‘दासबोधा’च्या अकराव्या दशकातल्या तिसऱ्या समासात समर्थ रामदासांनी संसारी माणसाचा अख्खा दिवस मांडून दाखवला: पहाटेचं पाठांतर, स्नान, पूजा, भोजन, जेवणानंतर वाचन आणि चर्चा, शिवाय आपापला उद्योग. वाग्भटाचं लक्ष आरोग्यावर आहे, रामदासांचं विवेकावर. वेळ वाया घालवू नये असा रामदासांचा कटाक्ष असला, तरी जास्तीत जास्त कामं उरकणं हा त्या समासाचा विषय नाही.

दुसरी परंपरा नोंदींची. पेशवे दफ्तरातल्या रोजकीर्दींमध्ये त्या त्या दिवसाचा जमाखर्च आणि हुकूम तारीखवार उतरलेले आहेत. गणेश चिमणाजी वाड यांनी त्यांतून निवडलेले उतारे पुढे पुण्यातून छापलेही गेले. ही शिस्त कारभाराची होती. स्वतःच्या सवयींची रोजकीर्द ठेवावी असं त्या कारकुनांपैकी कोणाच्या मनात आलं असेल, असं वाटत नाही.

तिसरा धागा मात्र आजच्या वादाशी थेट जोडलेला आहे. रमाबाई रानडे यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० मध्ये आलं. न्यायमूर्ती रानड्यांच्या कामाच्या, वाचनाच्या आणि शिस्तीच्या सवयी त्यात जवळून दिसतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या वाचकांनी ते थोरामोठ्याचा दिनक्रम म्हणून वाचलं. पण त्याच घरातला दुसरा एक दिवसही त्यात आहे. रमाबाई १८७३ मध्ये अकराव्या वर्षी लग्न होऊन त्या घरात आल्या. नवऱ्याने शिकवायला सुरुवात केली आणि घरातल्या बायकांना ते अजिबात रुचलं नाही. मग अभ्यासाला वेळ मिळायचा तो घरातलं सगळं आवरून, टोमणे ऐकून घेऊन जो उरेल तेवढाच. एका छपराखाली एकाचा दिवस त्याने स्वतः आखलेला होता आणि दुसरीचा इतरांनी. वेळेच्या नियोजनावर आज शेकड्याने पुस्तकं निघतात, पण या दोन दिवसांमधला फरक जाणवेल असं लिहिणारी त्यांत थोडी सापडतील.

कारखान्यातून वहीकडे

मुंबई-पुणे रेल्वे १८५८ पासून धावू लागली, मधला बोरघाट पालखीने किंवा बैलगाडीने ओलांडावा लागे. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ चा. गाडीची वेळ आणि कारखान्याचा भोंगा या दोन गोष्टींनी पुण्याच्या दिवसाला बाहेरून खुंट्या ठोकल्या. ‘डेक्कन क्वीन’ १ जून १९३० रोजी सुरू झाली, आणि तिच्या पासधारकांचं उठणं, दाढी, डबा, रिक्षा हे सारं तिच्या सकाळच्या सव्वासातच्या वेळेवरून मागे मोजत ठरत आलं.

कामाचा वेळ मोजण्याचं शास्त्र अमेरिकेत फ्रेडरिक टेलरने १९११ च्या पुस्तकात मांडलं. कामाचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला घड्याळ लावायचं, सर्वात बरी पद्धत ठरवून ती सगळ्यांना लावायची. पुढे जपानात टोयोटाच्या ताइची ओनो यांनी कानबानची पद्धत बसवली: पुढच्या टप्प्याने कार्ड पाठवून मागणी केल्याशिवाय मागच्याने माल बनवायचा नाही. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या वाहन उद्योगाबरोबर या कल्पना पुणे जिल्ह्यात मुरल्या. भोसरीच्या एखाद्या चांगल्या वर्कशॉपमध्ये भिंतीवरच्या फळीवर पाना, पक्कड, हातोडा यांच्या आकृत्या रंगवलेल्या दिसतात. हत्यार जागेवर नसलं की उघडी पडलेली आकृतीच ते सांगते, कोणाला विचारावं लागत नाही. तिथल्या कामगाराला ‘फाइव्ह एस’चे पाच जपानी शब्द पाठ असतात, त्यांतला ‘शित्सुके’ म्हणजे शिस्त हेही ठाऊक असतं.

तीच कार्डं पुढे हिंजवडीत पोचली. सॉफ्टवेअरच्या टीममध्ये करायचं, चालू आणि झालं असे तीन रकाने, दोन आठवड्यांचा स्प्रिंट आणि सकाळचा उभ्याउभ्या उरकायचा स्टँडअप हे आता ऑफिसच्या जेवणाच्या डब्याइतकं सवयीचं झालं आहे. ट्रेलो हे अ‍ॅप २०११ मध्ये आलं आणि ते रकाने ऑफिसबाहेरही पडले. मुलांच्या परीक्षेच्या तयारीसाठी फ्रिजवर तीन रकान्यांत रंगीत चिठ्ठ्या लावणारे आईबाप कोथरूड-बाणेरला सहज भेटतात. कारखान्यात ही पद्धत मालाचा साठा कमी राहावा म्हणून निघाली होती, हे त्यांना माहीत असण्याचं कारण नाही आणि गरजही नाही.

पुस्तकांची पिढी

व्यक्तीने स्वतःसाठी वापरायच्या पद्धतींचा आजचा बाजार साधारण पस्तीस वर्षांत उभा राहिला. कव्हीचं ‘सेव्हन हॅबिट्स’ १९८९ चं. महत्त्वाचं आणि तातडीचं यांत फरक करा, हा त्यातला सर्वात टिकलेला भाग. फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन विद्यार्थ्याने ऐंशीच्या दशकाच्या शेवटी टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं गजराचं घड्याळ लावून अभ्यास केला, त्यावरून पोमोडोरो पद्धत निघाली: पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं सुट्टी. रायडर कॅरलने २०१३ मध्ये बुलेट जर्नल लोकांपुढे आणलं. साधी वही, कामापुढे ठिपका, झालं की फुली, पुढे ढकललं की बाणाचं टोक. जेम्स क्लिअरचं ‘अ‍ॅटॉमिक हॅबिट्स’ २०१८ चं. त्याचा भर यादीवर कमी आणि भोवतालावर जास्त आहे, म्हणजे गिटार कपाटात ठेवण्याऐवजी खोलीच्या मध्यावर ठेवा, वाजवली जाईल.

या सगळ्यांत पद्धत म्हणून सर्वात बांधीव आहे ती डेव्हिड अ‍ॅलनची, २००१ च्या ‘गेटिंग थिंग्ज डन’मधली. डोकं हे कामं साठवायची जागा नाही, असं त्याचं गृहीतक. म्हणून मनात येईल ते लगेच कुठेतरी टिपायचं, ते नेमकं काय आहे हे ठरवायचं, योग्य यादीत टाकायचं, आठवड्यातून एकदा सगळ्या याद्यांवरून हात फिरवायचा. दोन मिनिटांत होणारं काम तिथल्या तिथे उरकायचं. त्याहून मोलाचा नियम पुढच्या कृतीचा आहे. ‘सोसायटीच्या टाकीचं बघायचं’ अशी नोंद यादीत वर्षभर पडून राहते. ‘सेक्रेटरींकडून टाकी धुणाऱ्याचा नंबर घ्यायचा’ अशी लिहिली तर संध्याकाळी लिफ्टपाशी उरकते. पद्धतीच्या टीकाकारांनाही हा नियम सहसा मान्य असतो. त्यांची तक्रार असते ती याद्या सांभाळणं हेच एक काम होऊन बसतं याची, आणि ज्याने कधी चार रंगांची पेनं आणून महिनाभर वही सजवली आहे त्याला ती पटेल.

अभ्यासिकेतलं वेळापत्रक

पुण्यात दिवस सर्वात काटेकोरपणे कुठे आखला जात असेल, तर तो सदाशिव, नारायण आणि नवी पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये. महाराष्ट्राच्या सगळ्या जिल्ह्यांतून राज्यसेवा आणि यूपीएससीसाठी आलेली मुलंमुली इथे महिन्याच्या भाड्याने टेबल घेतात. दोन्ही बाजूंना प्लायवूडची पार्टिशनं, समोर एक प्लग, वर ट्यूबलाइट. पार्टिशनवर हाताने आखलेलं वेळापत्रक चिकटवलेलं असतं: सकाळी पॉलिटी, दुपारी सीसॅट, संध्याकाळी चालू घडामोडी, रात्री रिव्हिजन. टेबलावर फोन पालथा आणि त्यात स्टॉपवॉच चालू. चहाला उठताना ते थांबवायचं, परत आल्यावर सुरू करायचं. दिवसअखेर निव्वळ अभ्यासाचे तास वहीत लिहायचे. रूममेटचे दहा झाले आणि आपले सात, ही रात्रीच्या मेसमधली नेहमीची बोलणी. पोमोडोरो, अ‍ॅप, यूट्यूबवर तासन्‌तास नुसता अभ्यास करत बसलेल्या अनोळखी माणसाचा व्हिडिओ, सगळं इथे आजमावून झालेलं असतं.

या वेळापत्रकांचं गणित परीक्षेच्या तारखेपासून उलटं मांडलेलं असतं. तारीख हलली की सारं कोसळतं. १४ मार्च २०२१ ला ठरलेली राज्यसेवा पूर्वपरीक्षा करोनामुळे पुढे ढकलल्याचं तीन दिवस आधी जाहीर झालं आणि मुलं शास्त्री रस्त्यावर उतरली. आठवड्याभराने, २१ मार्चला, ती झालीही. २५ ऑगस्ट २०२४ ची पूर्वपरीक्षा बँकेच्या भरती परीक्षेच्या दिवशी आल्याने पुन्हा पुण्यात आंदोलन झालं आणि ती अखेर १ डिसेंबरला पार पडली. मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याचा निर्णय २०२५ पर्यंत लांबणीवर टाकावा लागला, तोही २०२३ च्या आंदोलनानंतरच. हे निर्णय बरोबर की चूक हा इथला विषय नाही. स्वयंशिस्तीचं इतकं टोकाचं रूप जिथे दिसतं, तिथेच दिवसाची मुख्य खुंटी आखणाऱ्याच्या हाती नसते, एवढं त्यावरून दिसतं.

संशोधन काय सांगतं

आता पुराव्याकडे. वेळेच्या नियोजनाचा उपयोग होतो का, या प्रश्नावरचा सर्वात मोठा एकत्रित आढावा ब्रॅड एऑन आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ‘प्लॉस वन’मध्ये प्रसिद्ध केला. त्यात १५८ अभ्यास आणि ५३,९५७ माणसं धरली होती. नियोजन करणाऱ्यांची कामगिरी, परीक्षेतलं यश आणि स्वास्थ्य ही तिन्ही काही प्रमाणात चांगली आढळली. गंमत अशी की सर्वात ठळक नातं कामगिरीशी निघालं नाही, आयुष्याबद्दलच्या समाधानाशी निघालं. बहुतेक अभ्यास सहसंबंधाचे आहेत, म्हणजे नियोजनाने समाधान येतं की समाधानी माणसाला नियोजन सुचतं, हे त्यांतून पक्कं सांगता येत नाही.

थेरीस मॅकन यांनी १९९४ मध्येच असं काहीसं सुचवलं होतं. नियोजनाचं प्रशिक्षण घेऊन कामगिरी फारशी वाढली नाही, पण वेळ आपल्या ताब्यात आहे असं ज्यांना वाटलं त्यांचा ताण कमी होता. मिळतं ते ताब्याच्या भावनेतून, असा याचा सरळ अर्थ. मग ज्याला प्रत्यक्षात ताबाच नाही त्याचं काय, हा प्रश्न तिथेच उभा राहतो.

सुट्या तंत्रांपैकी सर्वात भक्कम पुरावा ‘अमुक वेळी, अमुक ठिकाणी, अमुक करीन’ असा ठरवून संकल्प करण्याला आहे. पीटर गोलविट्झर आणि पास्कल शीरन यांनी २००६ मध्ये ९४ चाचण्या एकत्र पाहिल्या आणि असा संकल्प नुसत्या इच्छेपेक्षा बराच जास्त तडीस जातो असं दाखवलं. मनात रेंगाळणाऱ्या अपुऱ्या कामाबद्दलही एक उपयुक्त निष्कर्ष आहे. मॅसिकॅम्पो आणि बाउमाइस्टर यांनी २०११ मध्ये दाखवलं की काम पूर्ण केलं नाही, नुसती त्याची नेमकी योजना केली, तरी त्याची टोचणी कमी होते. अ‍ॅलनच्या पद्धतीला मिळालेला हा त्यातल्या त्यात थेट आधार.

सवय लागायला एकवीस दिवस लागतात, हे मात्र शास्त्र नव्हे. मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनने १९६० च्या पुस्तकात रुग्णांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान एवढे दिवस लागतात असं निरीक्षण नोंदवलं, आणि ते फिरत फिरत शाळेच्या सूचनाफलकापर्यंत पोचलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर केलेल्या आणि २०१० मध्ये छापून आलेल्या अभ्यासात मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, आणि माणसामाणसांत १८ पासून २५४ दिवसांपर्यंत फरक दिसला. त्यातच असंही आढळलं की एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडत नाही. साखळी तुटली की सगळं शून्यावर आणून ठेवणाऱ्या अ‍ॅपवाल्यांनी हे वाचलेलं नसावं.

इच्छाशक्ती वापरली की संपत जाते, म्हणून महत्त्वाचं काम सकाळी करा, या सल्ल्यामागचं संशोधन १९९८ पासून फार गाजलं. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून ते एका ठरावीक प्रयोगाने पडताळून पाहिलं, तेव्हा परिणाम जवळजवळ दिसलाच नाही. सिद्धान्त पूर्ण बाद झाला असं सगळे मानत नाहीत, वाद चालू आहे.

आणि अंदाज. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी १९९४ मध्ये विद्यार्थ्यांना प्रबंध किती दिवसांत संपेल असं विचारलं. सरासरी उत्तर ३४ दिवस आलं, प्रत्यक्षात ५५ लागले. पूर्वीचा अनुभव असूनही माणूस पुढच्या वेळी तसाच अंदाज करतो. कोणतीही वही हा दोष पूर्ण काढू शकलेली नाही.

पहाटे उठण्याबद्दल स्वतंत्र लिहायला हवं, कारण इथे परंपरा आणि आजचं संशोधन समोरासमोर येतात. रॉबिन शर्माचं ‘फाइव्ह एएम क्लब’ ब्राह्ममुहूर्ताचा नव्याने पुरस्कार करतं, आणि घराघरांतल्या आजोबांना त्यामुळे आयतं बळ मिळालं आहे. टिल रोनेबर्ग आणि त्यांच्यासारख्या झोपेच्या अभ्यासकांचं म्हणणं असं की लवकर जाग येणं की उशिरा, हे बरंचसं शरीरातल्या घड्याळावर ठरतं आणि विशीच्या आसपास ते सर्वात उशिराकडे झुकलेलं असतं. नेमकं हेच वय अभ्यासिकेत चारचा गजर लावणाऱ्यांचं. रात्री दहाला झोपणाऱ्याला पहाट मानवेल यात वाद नाही. झोप कापून मिळवलेल्या पहाटेचा हिशेब मात्र फायद्याचा निघणं कठीण. वाग्भटाने घातलेली निरोगी माणसाची अट इथे आठवावी.

आक्षेप आणि त्यांवरची उत्तरं

पहिला आक्षेप कामाच्या स्वभावाबद्दलचा. मिळेल तेवढा वेळ काम व्यापतं, हे पार्किन्सनने १९५५ मध्ये चेष्टेत सांगितलं होतं. ऑलिव्हर बर्कमन यांनी २०२१ च्या ‘फोर थाउजंड वीक्स’मध्ये ते पुढे नेलं. ऐंशी वर्षांचं आयुष्य म्हणजे सुमारे चार हजार आठवडे, आणि मेलला झटपट उत्तरं देणाऱ्याला आणखी मेल येतात. म्हणून सगळं उरकेल ही आशाच सोडा, असं त्यांचं म्हणणं. पद्धतीचे समर्थक यावर सांगतात की आम्हीही जास्त काम करायला सांगत नाही, डोकं मोकळं ठेवायला सांगतो. अ‍ॅलनचं पुस्तक नीट वाचलं तर हे उत्तर खरं आहे. बाजारात ते ज्या आश्वासनावर विकलं जातं त्याला मात्र ते लागू पडत नाही.

दुसरा आक्षेप मालकाच्या बाजूने येणाऱ्या अपेक्षेवर. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावं असं म्हटलं आणि जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांच्या नव्वद तासांच्या विधानाची भर पडली. त्यांच्या बाजूचा युक्तिवाद राष्ट्राच्या उत्पादकतेचा आणि स्वतःच्या पिढीच्या कष्टांचा. विरोधकांचं म्हणणं असं की वेळ वाचवण्याची प्रत्येक युक्ती अशा वातावरणात कंपनीच्या खात्यावर जमा होते. अमेरिकेच्या वेळेनुसार रात्री कॉल घेणाऱ्या हिंजवडीकराला वैयक्तिक शिस्त शिकवून काय साधतं, असा त्यांचा सवाल. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या हिवाळी अधिवेशनात कामानंतर फोन-मेलला उत्तर न देण्याचा हक्क मागणारं खासगी विधेयक मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही.

तिसरी भूमिका आक्षेपाची नाही, वेगळ्या हेतूची आहे. दिनक्रम जास्त काम करण्यासाठी नसून माणूस सावरण्यासाठी आहे, असं मानणारे लोक पुण्यात जुने आहेत. डॉ. अनिल आणि डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या मदतीने सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात ठरलेल्या वेळेला उठणं, व्यायाम, सभा, श्रम आणि जेवण हा उपचाराचाच भाग आहे. व्यसनात दिवसाचा आकारच विरघळलेला असतो, तो परत घडवायचा असतो. १९३७ मध्ये पुण्यात आलेले बी. के. एस. अय्यंगार म्हातारपणीही रोजचा सराव चुकवत नसत, आणि १९७५ मध्ये उभ्या राहिलेल्या त्यांच्या संस्थेत नियमितता हीच पहिली अट राहिली. या मंडळींना किती काम उरकलं असं विचारलं तर प्रश्नच कळणार नाही.

दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवण्याची पुणेरी रीतही याच रांगेत बसवावी असा मोह होतो. तिच्यावर इतके विनोद झाले की तीही एक वेळेची पद्धत होती हे विसरायला होतं: धंदा किती वाजता थांबेल हे धंद्याने ठरवायचं नाही. चितळे बंधूंनी २०१७ मध्ये दुपारी दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली, तेव्हा त्याची बातमी झाली.

घरातली वेळ

या साऱ्या चर्चेत एक माणूस गृहीत धरलेला असतो, ज्याचा दिवस बऱ्यापैकी त्याच्या ताब्यात आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांनी त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवली, घरकाम करणाऱ्या पुरुषांनी ८८. २०१९ च्या सर्वेक्षणात हे आकडे २९९ आणि ९७ होते. शिवाय घरकामाला हात लावणारे पुरुषच २०१९ मध्ये २६ टक्के निघाले होते, स्त्रिया ८१ टक्के. रूथ श्वार्ट्झ कोवन या इतिहासकार बाईंनी १९८३ मध्ये अमेरिकेबद्दल दाखवलं होतं की यंत्रं आली तरी गृहिणीचे तास घटले नाहीत, कारण स्वच्छतेच्या आणि जेवणाच्या अपेक्षा वाढत गेल्या. मिक्सर, वॉशिंग मशीन आणि रोज वेगळा टिफिन यांच्या जोरावर आपल्याकडे काय झालं, ते प्रत्येक घराला माहीत आहे.

पण नियोजनाची पद्धत या घरांतही आहे आणि ती बुलेट जर्नलपेक्षा जुनी आहे. जयंतराव साळगावकरांनी १९७३ पासून ‘कालनिर्णय’ काढायला सुरुवात केली. स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेल्या त्या पानावर तिथी, सण आणि एकादशी छापलेली असते. उरलेल्या जागेत बारीक बॉलपेनने दुधाचे लिटर, पोळ्यावाल्या बाईंचे खाडे, इस्त्रीचे कपडे, सिलिंडर लावल्याची तारीख. फुली म्हणजे बाई आली नाही, गोल म्हणजे अर्धं दूध. महिनाअखेर बेरीज करून पैसे चुकते होतात आणि पान उलटतं. नियमित आढावा, चिन्हांची भाषा, डोक्यातलं कागदावर आणणं, पुस्तकांनी सांगितलेलं बहुतेक सगळं इथे आहे. फक्त ही यादी लिहिणारीचं स्वतःचं काम त्यात क्वचितच असतं.

शिवाय घराच्या दिवसाला बाहेरच्या खुंट्याही असतात. महापालिका दुरुस्तीसाठी बऱ्याचदा गुरुवारी पाणी बंद ठेवते, त्या आठवड्यात बुधवार रात्र भांडी-बादल्या भरण्यात जाते. टॉमटॉमच्या २०२४ च्या यादीत वाहतुकीच्या संथपणात पुणं जगात चौथं होतं, दहा किलोमीटरला ३३ मिनिटांहून जास्त. घरून निघण्याची वेळ मग आपण ठरवत नाही, विद्यापीठ चौक ठरवतो.

अडलेले प्रश्न

कोणती पद्धत श्रेष्ठ, हा वाद माझ्या मते जवळजवळ मिटला आहे: कोणतीही साधी पद्धत थोडी उपयोगी पडते, आणि उपयोग मुख्यतः मनाच्या स्वास्थ्याचा होतो. न सुटलेलं दुसरीकडे आहे.

एक तर बरंचसं संशोधन पाश्चात्त्य देशांतल्या विद्यार्थ्यांवर आणि नोकरदारांवर आधारलेलं आहे. एकत्र कुटुंब, रात्रपाळी, पाहुणे, परीक्षेची हलणारी तारीख यांच्यात ते कितपत टिकेल, हे अजून पाहायचं आहे. नियोजनाची सवय वर्षानुवर्षं टिकते का, यावरही थोडकंच काम झालं आहे. डिलिव्हरीच्या कामात तर दिवस अ‍ॅपच आखतं. गर्दीच्या वेळी लॉगिन केलं तर कमाई बरी होते, म्हणून जेवणाच्या वेळी स्वतः जेवायचं नाही. याला लवचीक वेळ म्हणायचं की आणखी कडक भोंगा, यावर अर्थशास्त्रज्ञांत आणि कामगार संघटनांत एकमत नाही.

सर्वात अवघड प्रश्न मोजणीचा आहे. पद्धती व्यक्तीसाठी लिहिल्या जातात, पण घरातला दिवस चारपाच जणांचा मिळून आखलेला असतो, आणि त्यांच्यापैकी कोणीतरी एकजण सगळ्यांच्या वेळा डोक्यात धरून असतो. वेळ-वापर सर्वेक्षणात पहाटे चारपासून दुसऱ्या दिवशीच्या पहाटे चारपर्यंतचा दिवस अर्ध्या अर्ध्या तासाच्या रकान्यांत भरला जातो. त्यात बसून केलेल्या घरखर्चाच्या नियोजनाला जागा आहे. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता उद्या गुरुवार आहे, टाकी भरायची, धाकट्याची फी भरायची, सासऱ्यांच्या गोळ्या संपत आल्या, हे जे चाललेलं असतं, ते त्या रकान्यात स्वयंपाक म्हणूनच पडतं.